चमचाभर करडईत चार थेंब

माझ्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत, एक फिकट पट्टा आहे. उन्हातून आले की बाकीचा चेहरा काळवंडतो आणि तो पट्टा तेवढा लालसर होतो. नव्या ओळखीच्या बायका विचारतात, भाजलं का हो ताई? मी हो म्हणते. त्या मनाशी स्टोव्हचा भडका धरतात आणि मी दुरुस्ती करत बसत नाही. इथे मात्र खरं ते लिहायचं ठरवलं आहे, कारण ही गोष्ट माझ्यामागे दुसऱ्याच एका तोंडून बरीच वर्षं सांगितली गेली. त्या सांगण्यात मी एक आगाऊ, कृतघ्न पोरगी होते. आगाऊ होते, ते मला मान्य आहे. कृतघ्न नव्हते.

आम्ही तेव्हा अमरोलीच्या पुढे, कोसाडच्या रस्त्याला लागून असलेल्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या आणि वर पत्रे. बाबा शिरपूरकडून सुरतेला आले ते एका गाववाल्याच्या मागे, आणि कतारगामला लूम्सवर लागले. चाळीसमोरच्या गाळ्यातही माग होते. त्यांचा खटाखट आवाज इतका अंगवळणी पडला होता की लाईट गेली, माग थांबले, की त्या शांततेनंच आम्ही दचकायचो. आई हातातलं काम सोडून म्हणायची, "काय व्हयनं?" काही झालेलं नसायचं. लाईट यायची, खटाखट सुरू व्हायची आणि आई पुन्हा मान खाली घालायची. तिचं काम म्हणजे साड्यांना टिकल्या चिकटवणं. मीही शाळा सुटल्यापासून तेच करत होते. साडी मांडीवर पसरायची, नळीतून गमचा ठिपका सोडायचा, त्यावर टिकली ठेवायची, अंगठ्यानं दाबायची, पुढे सरकायचं. बोटांवर गम वाळून त्याची सालं निघायची. टिकल्या घरात कुठेही सापडायच्या, भाकरीच्या पिठात, अंथरुणात, एकदा तर बाबांच्या कानामागे. पाळीवर गेल्यावर तिथले लोक म्हणाले, "काय भाऊ, आज नटून आला?" बाबा घरी येऊन हे सांगताना हसले होते. ते क्वचित हसायचे, म्हणून लक्षात आहे.

सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि खलबत्त्यात कुटलेला ठेचा, संध्याकाळी शेवेची भाजी किंवा फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढी. तेल बाबा गावाहून आणायचे, शेंगदाण्याचं आणि थोडं करडईचं, डब्यात, घाण्यावर समोर उभं राहून काढून घेतलेलं. दुकानातल्या तेलावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नव्हता. आई कुठलंही तेल आलं की आधी तळहातावर घ्यायची, चोळायची, वास घ्यायची आणि मग एक शब्द उच्चारायची, अस्सल, किंवा भेसळ. तिसरा शब्द नव्हता. आमच्यासारख्या लोकांना जगात सगळीकडे भेसळ मिळते, दुधात, रॉकेलमध्ये, शब्दांतही, अशी तिची ठाम समजूत होती. आणि बरेचदा ती खरीही ठरायची.

घासाघीस करायला मी शिकले ती टिकल्यांवरच. गठ्ठे घेऊन येणारा भरतभाई सायकल भिंतीला टेकवून दारातच हिशेब उरकायचा आणि प्रत्येक वेळी दोन साड्यांत काहीतरी खोट काढायचा. आईला गुजराती समजायचं, पण तोंडातून निघायचं नाही. एके दिवशी मी पुढे झाले आणि त्यानं काढलेल्या खोटी एकेक करून त्यालाच बोटानं दाखवायला लावल्या. दोनपैकी एकही सापडली नाही. तेव्हापासून दार उघडायला मीच जायचे. भरतभाई आईला म्हणायचा, "मावशी, तुम्ही बोला ना. ही छोकरी वकील आहे." मला ते आवडायचं. समोरचा जे सांगतो त्यातलं अर्धं आपल्याला गुंडाळण्यासाठी असतं, ते कानाआड करायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर भांडायचं, हा नियम मी त्या वयात स्वतःपुरता बनवला. तो पुढे मला पुष्कळ उपयोगी पडला. एकदाच महागात पडला.

सतराव्या वर्षी माझा चेहरा पुटकुळ्यांनी भरला. एक-दोन नव्हे. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे लाल, ठसठसणाऱ्या. शेजारच्या काकू म्हणायच्या ठेच्यामुळे. मागच्या खोलीतली म्हातारी म्हणायची लग्न करून टाका, आपोआप जातील. आईनं मसुराच्या डाळीचं पीठ लावून पाहिलं, लिंबू चोळून पाहिलं, टूथपेस्ट लावून पाहिली. मी स्वतः गम लागलेल्या बोटांनी त्या फोडायचे. वर रोज डोक्याला चपचपीत खोबरेल, ते कपाळावर उतरायचं. आज माझ्याकडे अशी मुलगी आली तर मी पहिल्यांदा तिचे हात बघते आणि मग केसांचं तेल. तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. चेहऱ्याचं मला तसं दुःख नव्हतं, बघायला होतं कोण? पण एक गोष्ट त्या चेहऱ्यावर अडली.

चाळीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं, तिला सोबत म्हणून मी कतारगामला हंसाबेनच्या पार्लरमध्ये गेले. सोसायटीतल्या बंगल्याची पुढची खोली, काचेचं दार, आत मागे कलणारी खुर्ची. ती मुलगी आत गेली तेव्हा टिकल्या चिकटवणारी होती. तीन तासांनी बाहेर आली तेव्हा तिच्याशी बोलायला मला क्षणभर संकोच वाटला. मी त्या तीन तासांत हंसाबेनचे हात बघत होते. दोरा दातांत, दोन बोटांत, आणि भुवई अशी निघते की रेघ. मला कळलं की हे काम बसून होतं, सावलीत होतं, आणि गिऱ्हाईक आपल्या दारात येतं. भरतभाईसारखं कुणी सायकल टेकवून खोट काढत नाही. पुढच्या आठवड्यात मी एकटीच नदीपलीकडे कतारगामला गेले आणि शिकायचं आहे म्हणून सांगितलं.

हंसाबेन चाळिशीच्या, गोऱ्या, भरलेल्या अंगाच्या. त्यांनी शिकवणीची फी सांगितली. ती आमच्या घरात बोलूनही दाखवता आली नसती. मी कमी करायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"फीचं नंतर. आ मोढुं? हे तोंड मी दारात बसवलं तर गिऱ्हाईक उंबऱ्यावरून परत जाईल."

"तोंडानं काय शिकायचंय बेन? हातानं शिकायचंय."

त्या हसल्या. आत गेल्या आणि एक बोटभर बाटली घेऊन आल्या. त्यांची बहीण ऑस्ट्रेलियात होती, तिच्याकडून आलेलं टी ट्री नावाच्या झाडाचं तेल, असं म्हणाल्या. रात्री तोंड धुऊन, कोरडं करून, कापसाच्या बोळ्यानं फक्त पुटकुळीवर टेकवायचं. डोळ्यांच्या, ओठांच्या जवळ नाही. बाकी काही चोळायचं नाही. दोन महिन्यांनी ये, मग बघू. इतकं सांगितलं. बाटलीत ते तेल करडईच्या तेलात मिसळलेलं आहे, हे सांगितलं नाही. का मिसळलं हे तर नाहीच. माझ्या तक्रारीची पहिली ओळ इथून सुरू होते. शिकवणाऱ्यानं काय करायचं ते सांगून थांबू नये. का, तेही सांगावं. नाहीतर माझ्यासारखी मुलगी त्या 'का'ची जागा स्वतःच्या अकलेनं भरते.

आठ-दहा दिवस मी सांगितल्याप्रमाणे लावलं. काही झालं नाही. ना जळजळ, ना थंडावा. औषध वाटावं असा फक्त वास, कापूर आणि ओल्या लाकडाच्या मधला. आईनं बाटलीतला थेंब तळहातावर घेतला, चोळला, आणि तिचा शब्द उच्चारला. "भेसळ. हाई ते करडईनं तेल शे." करडई तिला झोपेतही ओळखू आली असती. मी बाटली घेऊन तडक सुरतेच्या जुन्या बाजारात, भागळला गेले. तिथे एका गल्लीत अत्तरं आणि तेलं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांचं दुकान होतं. त्यांच्याकडे कपाटात ते तेल होतं, काळपट काचेच्या छोट्या बाटलीत. मी हंसाबेनची बाटली पुढे केली आणि म्हटलं, हे खरं की खोटं ते सांगा.

चाचांनी तपकिरी कागदाचा तुकडा घेतला. एका कडेला आपल्या बाटलीतला थेंब टाकला, दुसऱ्या कडेला माझ्या. कागद पंख्याखाली धरला आणि मला चहा विचारला. मी नको म्हटलं. थोड्या वेळानं त्यांचा थेंब जवळजवळ उडून गेला होता, मागे फिकट खूण. माझ्या थेंबाच्या जागी मात्र तेलकट, आरपार उजेड दिसणारा डाग तसाच.

"यात दुसरं तेल मिलावेल आहे बेटी," ते म्हणाले. "असली आहे, पण थोडंच. तोंडाला लावायला असंच मिलावून लावतात. खालिस, नुसतं, नको लावू."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं का, यावर मी आयुष्यात बराच विचार केला आहे. ऐकलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं. पण माझ्या हिशेबात ते दुकानदाराच्या बोलण्यातलं कानाआड करायचं अर्धं होतं. म्हातारा हंसाबेनची बाजू सावरून घेतोय, धंदेवाले धंदेवाल्यांना सांभाळतात, असं मी धरलं. आणि त्यांच्या त्या काळपट बाटलीसाठी त्यांच्याशी अशी भांडले की शेवटी त्यांनी कंटाळून ती मला हव्या त्या भावात दिली. बाटली देताना बोट उभं करून पुन्हा काहीतरी म्हणाले. मी पायऱ्या उतरले होते. जिंकल्यावर मी कधी मागे वळून बघत नाही.

दुपारची वेळ होती, बाबा पाळीवर. मी तोंड साबणानं दोनदा खसखसून धुतलं, बाटली कापसावर उपडी धरून तो भिजवला आणि डाव्या गालावरून फिरवला, मग कपाळावर, हनुवटीवर, उजव्या गालावर थोडा. एकेका पुटकुळीवर टेकवायचं धोरण भेसळीच्या तेलासाठी होतं. अस्सल तेल हातचं राखून का लावायचं? आधी थंड वाटलं. मग मुंग्या. मग डाव्या गालावर, जिथे सगळ्यात जास्त ओतलं होतं, तिखट लागल्यासारखी आग सुरू झाली.

"माय, चरचरस," मी म्हटलं.

आईनं साडीवरून मान वर केली नाही. "चरचरस ना? मंग लागू पडी ऱ्हायनं. राहू दे."

आमच्याकडे औषधाची हीच परीक्षा होती. जखमेवर लावलेलं झोंबलं तर ते औषध, नाही झोंबलं तर पाणी. आयोडीन झोंबतं, बाम झोंबतो, हळद-चुना झोंबतो. माझी आई कधी खोटं बोलली नाही आणि त्या दिवशीही तिला जे खरं वाटत होतं तेच ती बोलली. मी आणखी एक हात फिरवला. वर ओलं फडकं दाबलं, म्हणजे आत मुरेल. मग पत्र्यावर शेवया वाळत घातल्या होत्या त्या उलटायला शिडीनं वर गेले आणि उन्हात चांगला अर्धा तास बसले. एखाद्यानं चेहरा बिघडवायचा बेत आखला असता तरी इतक्या पायऱ्या त्याला सुचल्या नसत्या.

संध्याकाळी डावा डोळा सुजून अर्धा मिटला होता. गाल लालभडक, त्यावर बारीक पाण्याचे फोड. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि उंबऱ्यावरूनच परत फिरल्या. त्या परत फिरण्यानं मी पहिल्यांदा घाबरले. आई सारखं म्हणत होती, "कल्पी, आरसाम्हा नको देखू व माय." बाबा आले, त्यांनी एकदा पाहिलं, विचारलं, "दुखस का?" आणि चहा न पिता मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं भरपूर पाण्यानं धुवायला लावलं, मलम दिलं आणि सांगितलं, आता घरातलं काहीही लावायचं नाही, हळद नाही, तूप नाही, काही नाही. परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "पार्लरवाली काय म्हणी आते?" मला ते सुचलंच नव्हतं. मी आगीचा आणि डोळ्याचा विचार करत होते. बाबांनी एका वाक्यात सांगितलं की माझं काय गेलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी, गालावर खपल्या धरलेल्या असताना, मी हंसाबेनकडे गेले. रडायला नव्हे. भांडायला. माझ्या मते सगळी चूक त्यांची होती. पहिल्यापासून भेसळ दिली नसती तर मी भागळला गेलेच नसते. आत तीन गिऱ्हाइकं होती. खुर्चीत सरलाबेन नावाच्या जाड बाई तोंडाला लेप लावून, बाकड्यावर दोघी मायलेकी. मी दारातूनच सुरुवात केली. तुम्ही मला मिसळलेलं तेल दिलंत, गरीब बघून दिलंत, मी कागदावर तपासून घेतलंय. हंसाबेननी माझं ऐकून घेतलं नाही. मनगट धरून मला खिडकीपाशी नेलं.

"शुं लगाव्युं?"

"अस्सल."

"नुसतं? वरून काही न घालता?"

"अस्सल म्हणजे नुसतंच."

"अरे गांडी, वेडी कुठली, हे औषध आहे, सरबत नाही!" त्या ओरडल्या आणि मग जे त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं ते सगळं त्या खोलीत मोठ्यानं सांगितलं. चमचाभर करडईच्या तेलात चार थेंब. खोबरेल नाही, त्यानं छिद्रं बुजतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून एक दिवस वाट बघायची, खाज आली, लाल झालं तर ते तेल आपल्यासाठी नाही, विषय संपला. झोंबणं म्हणजे गुण नव्हे, झोंबणं म्हणजे कातडी नको म्हणते आहे. लावून उन्हात जायचं नाही, वर फडकं बांधायचं नाही, लिंबू-बिंबू सोबत काही नाही. पोटात तर थेंबही नाही, विष आहे ते, पोराबाळांच्या हाती लागू द्यायचं नाही. बाटली उघडी राहिली, जुनी झाली, तर चांगलं तेलही त्रास देतं. आणि फरक पडायला दोन-तीन महिने. "आठ दिवसांत तर कैरीचं लोणचंही मुरत नाही!"

मी ऐकत होते, पण माझं लक्ष बाकड्यावर होतं. मायलेकींतल्या आईनं पिशवीत हात घातला आणि एक काळपट बाटली काढली. "बेन, माझ्या दिरानं पाठवलंय. हिला आज रात्री लावणार होते. नुसतंच." सरलाबेन लेपातून डोळे उघडून माझ्या गालाकडे बघत होत्या. नंतर उठून आल्या आणि वांगं पारखावं तसं बोटानं माझा गाल दाबून पाहिला. "बाप रे. असं होतं?" मग तिघीही एकदम हंसाबेनना विचारू लागल्या. एका मिलावेल बाटलीचे किती, आम्हाला पण करून द्या.

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. एवढंच कळलं की या खोलीत आत्ता सगळ्यात किमती वस्तू माझा गाल आहे.

"बेन," मी म्हटलं, "मला इथे दारात बसवा. हे तोंड घेऊन. तुमच्या तेलानं ते बरं होताना गिऱ्हाईक रोज बघेल. कसं लावायचं नाही ते मी सांगेन, कसं लावायचं ते तुम्ही सांगा. फी घेऊ नका. मला सगळं शिकवा."

"मोठी बेपारी आहेस," हंसाबेन म्हणाल्या. पण नजर माझ्या गालावरून बाकड्यावर गेली आणि परत आली. "सारुं. बस. शीखवीश."

"सगळं?"

"बधुं. केस कापण्यापर्यंत सगळं. झालं?"

सरलाबेन शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी साक्षीदार हं." आणि हसल्या.

पुढचे महिने मी दारापाशी स्टुलावर बसले. पहिले तीन आठवडे हंसाबेननी मला साध्या पाण्याशिवाय काही लावू दिलं नाही. मग एका सकाळी माझ्या कोपरावर ठिपका लावला आणि दुसऱ्या दिवशी येऊन दाखवायला सांगितलं. काही उठलं नव्हतं, तरीही त्या आणखी एक दिवस थांबल्या. मग चमचा, करडई, चार थेंब, कापूस, आणि एकेका पुटकुळीवर टेकवणं. डाव्या गालाच्या त्या पट्ट्याला मात्र नाही, तो तसाच सोडायचा. त्यांचा हात हलका होता, हे मी कबूल करते. त्यांच्याबद्दल जे चांगलं आहे ते लिहिलं नाही तर जे वाईट आहे त्यावर कोण विश्वास ठेवील?

बायका यायच्या, मला पाहायच्या, थबकायच्या. मी सगळं सांगायचे. कागद, थेंब, भेसळ, फडकं, पत्र्यावरचं ऊन. सांगून सांगून त्यात रंग भरू लागला. शेवयांपाशी आले की त्या हसायच्या, फोडांपाशी आले की तोंडाला पदर लावायच्या. दरम्यान मी शिकत होते. आधी टॉवेल, झाडू, मग दोरा. दोरा मी स्वतःच्या पोटरीवर शिकले, पोटरी पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी झाली होती. मग वॅक्स, मग चेहऱ्याची मालिश. कापायची कात्री हंसाबेन कुलपात ठेवायच्या. केस सगळ्यात शेवटी, दिवाळीनंतर, असं त्या म्हणायच्या. चेहरा हळूहळू निवत गेला. एके दिवशी नवीन आलेल्या बाईनं विचारलं, "ती भाजलेली मुलगी कुठाय?" आणि मी तिच्या समोरच बसले होते.

दिवाळी झाली. मी सकाळी आठला पोचले तर स्टूल जागेवर नव्हतं.

"आता त्याचं काय काम?" हंसाबेन म्हणाल्या. "तोंड साफ झालं. भुवया येतात, फेशियल येतं. पुष्कळ झालं. केस शिकायचे असतील तर त्याची फी वेगळी."

"सगळं म्हणाला होतात बेन. केस कापण्यापर्यंत."

"चेहऱ्याचं म्हटलं होतं. केश क्यां चहेरामां आवे?"

मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. त्या करत नव्हत्या. त्यांच्या भाचीचं कात्रीचं शिक्षण सुरू झालं होतं, आतल्या खोलीतून कचकच आवाज येत होता. मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. विकायला ठेवलेल्या मिलावेल तेलाच्या बाटल्यांची रांग दाखवून म्हटलं की या माझ्या गालावर विकल्या गेल्या. आवाज सोसायटीच्या फाटकापर्यंत गेला असणार. हंसाबेन शांत होत्या. भांडणात शांत माणूस जिंकतो हे मी तेव्हा शिकले नव्हते. खुर्चीत सरलाबेन होत्या, भुवया करून घ्यायला आलेल्या. मी त्यांच्याकडे वळले.

"सरलाबेन, तुम्ही होतात. तुम्ही साक्षीदार म्हणाला होतात. सांगा, काय ठरलं होतं."

सरलाबेननी आरशातून माझ्याकडे बघितलं. मग हंसाबेनकडे. त्यांची एक भुवई झाली होती, एक व्हायची होती.

"मने तो कंई याद नथी, बेन," त्या म्हणाल्या आणि मासिकाचं पान उलटलं.

मी चप्पल घातली आणि निघाले. हंसाबेन मागून म्हणाल्या, तुझ्या तेलाची बाटली हवी तर घेऊन जा. मी घेतली नाही. नंतर वर्षानुवर्षं त्या सांगत राहिल्या की जळक्या तोंडाची एक मराठी पोरगी मी फुकट बरी केली, शिकवली, आणि जाताना ती शिव्या देऊन गेली. शिव्या दिल्या होत्या. पण फुकट? मी महिनोन् महिने त्यांच्या दारात पाटीसारखी बसले होते. एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी हे सांगितलं नाही की तो सौदा होता आणि त्यातली त्यांची बाजू त्यांनी पुरी केली नाही.

मी चाळीतच आमच्या पुढच्या खोलीत सुरुवात केली, साड्यांचे गठ्ठे एका कोपऱ्यात सरकवून. आधी भुवया, मग फेशियल, मग पुटकुळ्यांच्या मुली, ज्यांना मी आजही आधी कोपरावर ठिपका लावून घरी पाठवते आणि का ते सांगते, त्यांना कंटाळा आला तरी. खूप पिकलेल्या, खोल गाठींच्या मुलींना तर मी हातच लावत नाही, डॉक्टरकडे पाठवते. हे दुकान त्यानंतरचं तिसरं. केस कापायला माझ्याकडे दोन मुली आहेत, दोघींना मीच फी भरून दुसरीकडे शिकायला पाठवलं होतं. मलाही फी भरून शिकता आलं असतं. पंचवीस वर्षं सहज परवडत होतं. पण जे सौद्यात मिळायचं होतं ते पैसे देऊन का घ्यायचं, हा विचार प्रत्येक वेळी आडवा आला, आणि मी कात्री कधीच हातात धरली नाही. जुनी गिऱ्हाइकं खुर्चीत बसली की आग्रह करतात, ताई, आज तुमच्याच हातानं कापा ना. मी म्हणते, नको हो, माझा अंगठा दुखतो. त्या बिचाऱ्या हळहळतात, कुणी तेल सुचवतं, कुणी शेक. तीस वर्षं झाली, माझा अंगठा दुखतोच आहे.